मुदतीची नोकरी, जन्माची सोय

परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाचे तिथले वास्तव्य बहुतेक वेळा नोकरीच्या मुदतीइतकेच असते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन या सहा आखाती देशांत तर पंचवीस वर्षे काढलेला फिटरही काम संपले की घरी परततो. तिथे सामान्य कामगाराला नागरिकत्व मिळत नाही आणि सरकारी निवृत्तिवेतन फक्त तिथल्या नागरिकांना असते. म्हणून परदेशातल्या कमाईचा विचार करताना पगाराच्या आकड्याइतकाच परतीच्या दिवसाचाही विचार पहिल्यापासून करावा लागतो. हा दिवस कधी येणार हे कामगाराच्या हातात नसते. पण तो आला की हातात काय असेल, हे बरेचसे त्याच्याच हातात असते.

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर लागोपाठ येणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांना हा विषय परका नाही. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतले रासायनिक व इंजिनीअरिंग कारखाने आणि जवळपासच्या आयटीआय यांमुळे इथे फिटर, वेल्डर, पाईप फॅब्रिकेटर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, प्लांट ऑपरेटर असे हातात कसब असलेले लोक तयार होतात, आणि आखातातल्या रिफायनऱ्यांना व पेट्रोकेमिकल प्रकल्पांना नेमके हेच लोक हवे असतात. कोणी दोन वर्षांच्या करारावर जातो, कोणी तीन-चार महिन्यांच्या ‘शटडाऊन’च्या, म्हणजे प्रकल्प बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या, कामाला. उल्हासनगरातल्या सिंधी कुटुंबांचे परदेशी नाते त्याहून जुने आहे. फाळणीपूर्वीच हैदराबाद-सिंधचे ‘सिंधवर्की’ व्यापारी जपानमधल्या कोबेपासून पनामापर्यंत पेढ्या चालवत होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांपैकी सुमारे वीस टक्के महाराष्ट्रात येतात आणि याबाबतीत महाराष्ट्र केरळच्याही किंचित पुढे आहे.

परक्या जागी बस्तान बसवताना कागद किती मोलाचा ठरतो, याचा दाखला उल्हासनगरच्या जन्मातच आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी छावण्या उभारल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय त्या बराकींत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले. ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ हे पत्ते आजही चालतात. सिंधमध्ये मागे राहिलेल्या घरादाराची भरपाई मागायची तर १९५० च्या कायद्याखाली दावा दाखल करून मालमत्ता आपली होती हे पटवून द्यावे लागे. पडताळणीत टिकलेल्या दाव्यांवर १९५४ च्या निर्वासित भरपाई व पुनर्वसन कायद्यानुसार मोबदला मिळे, आणि सरकारी जागेच्या किमतीत तो वळताही करून घेता येई. घाईत निघालेल्यांपैकी ज्यांनी खरेदीखत किंवा कराची पावती बरोबर आणली होती, त्यांचा दावा उभा करणे सोपे गेले. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांना साक्षीदारांवर विसंबावे लागले. आज विमानाने परदेशी जाणाऱ्याची परिस्थिती तितकी बिकट नाही, तरी कागदाचे मोल तेवढेच आहे.

निघण्यापूर्वी

परदेशी नोकरीत फसवणूक होते ती बहुतांशी इथेच, विमानात बसण्याआधी. भरती करणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत असला पाहिजे. त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतो. एजंटने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढी आहे, आणि त्याची पावती मिळायला हवी. प्रत्यक्षात लाख-दीड लाख मोजून जाणारे लोक आहेत. त्यासाठी दागिने गहाण पडतात आणि पहिल्या वर्षाची कमाई त्या कर्जातच जाते. ‘फ्री व्हिसा’ किंवा ‘आझाद व्हिसा’ नावाने जे विकले जाते, त्यात व्हिसा एकाच्या नावाचा आणि काम दुसऱ्याकडे असा प्रकार असतो. असा माणूस तिथल्या कायद्याच्या दृष्टीने बेकायदा कामगार ठरतो. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे नोकरीचा व्हिसा करून घेण्याचा सल्लाही याच जातीचा, आणि तो देणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास मंजुरी आवश्यक असल्याची नोंद असते. त्यांना सहाही आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. या मंजुरीसोबत ‘प्रवासी भारतीय बिमा योजने’चा विमा घ्यावा लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास त्यात १० लाख रुपये मिळतात, आणि हप्ता दोन वर्षांना २७५ व तीन वर्षांना ३७५ रुपये एवढाच आहे. अनेकांना ही मंजुरी म्हणजे कटकट वाटते, पण तिच्यामुळे करारपत्र सरकारी नोंदीत जाते आणि पुढे वाद झाला तर ती नोंद कामगाराच्या बाजूने उभी राहते.

करारपत्रात बहुतेकांची नजर एकूण पगारावर जाते. त्याखालची फोड मात्र जास्त महत्त्वाची असते. अमिरातीत २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्यानुसार नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिक पगारावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा पगार आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा. समजा दोन वेल्डर आहेत आणि दोघांचाही एकूण पगार महिना २,५०० दिरहम आहे. पहिल्याच्या करारात बेसिक १,५०० आणि बाकीचे १,००० घरभाडे व भत्ते. दुसऱ्याचे सगळे २,५०० बेसिकमध्येच. सात वर्षांनी दोघेही परत निघाले, तर दोघांनाही १०५ अधिक ६० म्हणजे १६५ दिवसांचा पगार देय होतो. पहिल्याचा दिवसाचा बेसिक ५० दिरहम, म्हणून त्याच्या हातात ८,२५० दिरहम पडतात. दुसऱ्याला १३,७५० मिळतात. दर महिन्याला दोघांचा पगार एकच, तरी कागदावरच्या एका ओळीने साडेपाच हजार दिरहमांचा फरक पडला. सौदी अरेबियात पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढे पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. मात्र स्वतः राजीनामा दिल्यास दोन वर्षांच्या आत काहीच मिळत नाही, पाच वर्षांपर्यंत एकतृतीयांश आणि दहा वर्षांपर्यंत दोनतृतीयांश मिळते. घरची आठवण येते म्हणून चार वर्षे अकरा महिन्यांनी राजीनामा देण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहिलेला चांगला.

करारपत्राची एक प्रत, पासपोर्टची प्रत आणि एजंटची पावती घरी ठेवून जावी, आणि दुसरी प्रत स्वतःच्या ईमेलमध्ये. पासपोर्ट मालकाने काढून ठेवणे आखाती देशांतही बेकायदा आहे. तरी ते घडते, आणि अशा वेळी प्रतीच कामाला येतात.

इथली नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या हातची आणखी एक गोष्ट जाते. एमआयडीसीतल्या कंपनीत सात-आठ वर्षे काम केलेला माणूस निघताना भविष्यनिर्वाह निधी काढून घेतो आणि त्याबरोबर निवृत्तिवेतन योजनेतली रक्कमही उचलतो. ईपीएफची पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. दहा वर्षे भरलेली नसतील तर ती रक्कम न काढता ‘योजना प्रमाणपत्र’ घेता येते, आणि परतल्यावर पुन्हा नोकरी धरली की आधीची सेवा नव्या सेवेत जोडली जाते. आठ वर्षांच्या सेवेवर मिळणारी ती एकरकमी रक्कम तशी किरकोळ असते. ती उचलण्यासाठी आयुष्यभराची पेन्शन सोडणे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

पैसा कोणाच्या खात्यात

परदेशी नोकरी धरली की इथले साधे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते आणि परदेशी कमाईसाठी ‘एनआरई’ खाते उघडता येते. घरभाडे, शेतीचे उत्पन्न, जुन्या ठेवींचे व्याज असा भारतातला पैसा एनआरओमध्ये जातो. त्याच्या व्याजावर कर लागतो आणि बँक तो आधीच कापून घेते. एनआरईमध्ये फक्त बाहेरून आलेला पैसा जमा होतो, त्याचे व्याज खातेदार अनिवासी असेपर्यंत करमुक्त असते आणि पैसा हवा तेव्हा पुन्हा परदेशी नेता येतो. ज्यांना रुपयाच्या घसरणीची काळजी वाटते त्यांच्यासाठी परकीय चलनातच एक ते पाच वर्षांची ठेव ठेवण्याची सोय आहे. पीपीएफ खाते अनिवासी झाल्यावर नव्याने उघडता येत नाही. आधीचे असेल तर मुदत पुरी होईपर्यंत चालवता येते. राष्ट्रीय पेन्शन योजना मात्र अनिवासी भारतीयांना खुली आहे.

शटडाऊनच्या कामाला जाणाऱ्यांनी कराचा नियम वेगळा समजून घ्यावा. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर अनिवासी ठरतो आणि त्याच्या परदेशी पगारावर इथे कर नसतो. चार महिने बाहेर आणि आठ महिने अंबरनाथमध्ये असा माणूस निवासीच राहतो, त्यामुळे त्याचे दिरहम इथल्या उत्पन्नात धरले जातात आणि विवरणपत्रात परदेशी बँक खातेही दाखवावे लागते. ‘गल्फच्या पैशाला टॅक्स नाही’ हे सरसकट खरे नाही.

पैसा घरी पाठवताना बँक किंवा एक्सचेंज हाऊस सोडून हुंडीने पाठवण्याचा मोह होतो, कारण दर दोन-चार पैशांनी बरा मिळतो आणि रोकड थेट घरपोच येते. पण हा व्यवहार बेकायदा आहे आणि त्याचा मागमूस राहत नाही. पाच वर्षांनी फ्लॅट घेताना पैसा कुठून आला हे दाखवायला कागद नसतो, गृहकर्जासाठी बँकेला उत्पन्न सिद्ध करता येत नाही, आणि मधल्या माणसाने बुडवले तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

याहून नाजूक प्रश्न घरातला असतो. कमावता मुलगा सगळा पैसा वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या खात्यावर पाठवतो, भाऊ तो घरासाठी, बहिणीच्या लग्नासाठी, स्वतःच्या दुकानासाठी वापरतो, आणि बारा वर्षांनी परतल्यावर कोणाचे किती यावरून वाद उभा राहतो. बहुतेकदा यात कोणाची नियत वाईट नसते. हिशेब ठेवलेला नसतो, एवढेच. घरखर्चासाठी ठरलेली रक्कम दर महिन्याला पत्नीच्या किंवा आईच्या खात्यात, आणि बचत स्वतःच्या एनआरई खात्यात, अशी विभागणी पहिल्या पगारापासून केली की नाती आणि पैसा दोन्ही टिकतात.

परदेशातले कर्ज मागे टाकून यायचा विचार आता धोक्याचा आहे. दुबईत क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्जे सहज मिळतात. नोकरी गेल्यावर ती न फेडता निघून आलेल्यांची गोष्ट पूर्वी तिथेच संपत असे. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने अधिसूचना काढून अमिरातीतल्या दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांची अंमलबजावणी भारतातल्या जिल्हा न्यायालयामार्फत करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे दुबईतल्या बँकेचा हुकूमनामा ठाण्याच्या न्यायालयात येऊ शकतो आणि बदलापूरच्या घरापर्यंतही पोहोचू शकतो. नोकरी गेली तर काही दिवस निभावण्यासाठी अमिरातीत २०२३ पासून बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. कमी पगाराच्या गटात तो महिना पाच दिरहमांना मिळतो आणि बेसिकच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने देतो. मात्र आधी बारा महिने हप्ते भरलेले असावे लागतात.

विटा-मातीत घातलेला पैसा

या तीन शहरांतल्या परदेशी कमाईचा मोठा वाटा घरात आणि जमिनीत जातो. बदलापूर वाढले ते मुंबईत घर न परवडणाऱ्यांमुळे, आणि त्यात आखातातून येणाऱ्या पैशाचाही हातभार आहे. गोष्ट चुकीची नाही. परतल्यावर डोक्यावर छप्पर असणे ही पहिली गरज आहे. पण सुट्टी एक महिन्याची, त्यात लग्ने आणि देवदर्शन, आणि उरलेल्या दोन दिवसांत बिल्डरच्या कार्यालयात सही, अशी खरेदी महागात पडते.

बदलापूरच्या पलीकडे वांगणीकडे किंवा बारवी धरणाच्या रस्त्याने गेले की ‘बंगलो प्लॉट’च्या जाहिराती दिसतात. माळावर फक्की मारून आखलेले चौकोन, कडेला सिमेंटचे खांब, कमानीवर प्रकल्पाचे गोंडस नाव, आणि हप्त्याने मिळणारे एक-दोन गुंठे. कागद मागितला की बऱ्याचदा शेतजमिनीचा सातबारा पुढे येतो, ज्यावर सामायिक खातेदार म्हणून अनेकांची नावे असतात. इथे अनिवासी भारतीयाची अडचण दुहेरी आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाहीच. शिवाय परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे ‘फेमा’, अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घ्यायला मनाई करतो. वारसाने आलेली किंवा जाण्यापूर्वी स्वतःच्या नावावर असलेली जमीन ठेवता येते. फेमाचा भंग झाला तर दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. म्हणून प्लॉट घ्यायचाच असेल तर जमीन बिनशेती झाल्याचा आदेश, मंजूर रेखांकन आणि स्वतंत्र सातबारा किंवा मालमत्ता पत्रक या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय विसारही देऊ नये.

दुसरा धोका पाण्याचा आहे. उल्हास नदीने २६ जुलै २००५ रोजी बदलापूरचा मोठा भाग बुडवला. २७ जुलै २०१९ रोजी पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. बॅरेज रोड, हेंद्रेपाडा या भागांत पाणी शिरण्याचा अनुभव रहिवाशांना आहे. नदीकाठच्या इमारतीत घर घेताना जागा पाटबंधारे खात्याच्या निळ्या व लाल पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे नगरपालिकेत विचारता येते. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दुबईत बसून जाहिरातीत नदीचे दृश्य पाहणाऱ्याने हा प्रश्न नातेवाइकाला प्रत्यक्ष जाऊन विचारायला सांगावा.

उल्हासनगरचा प्रश्न वेगळाच आहे. मूळ बराकींच्या जागी दाटीने इमारती उठल्या, त्यांतल्या अनेक परवानगीविना. २००६ मध्ये राज्य सरकारने उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला, तरी बहुतेक प्रकरणे रखडली. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. इथे जुना फ्लॅट घेताना जमिनीची सनद, बांधकाम परवानगी आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. ‘रेरा’ या गृहनिर्माण नियामकाकडे नोंदणी असली की सगळे ठीक, असेही मानू नये. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवल्याचे २०२२ मध्ये उघड झाले आणि पुढे उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घर घेणारे सामान्य लोक होते आणि त्यांच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. बांधकाम परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळणे हाच खात्रीचा मार्ग.

स्वतः येता येत नसेल तर मुखत्यारपत्र द्यावे लागते. ते सर्वाधिकाराचे न करता एका व्यवहारापुरते, मुदतीचे आणि विक्रीचा अधिकार वगळून करावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घेतात, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. घर भाड्याने दिले तर मालक अनिवासी असल्यामुळे भाडेकरूने भाड्यातून कर कापून भरायचा असतो. हे भाडेकरूला सहसा ठाऊक नसते, म्हणून करारातच लिहिलेले चांगले.

मृत्युपत्राचा विषय घरात काढला की अपशकुनासारखा वाटतो आणि तो टळत जातो. बँकेत नॉमिनी नेमला म्हणजे काम झाले, असा समज सार्वत्रिक आहे. नॉमिनी हा पैसा स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालकी वारसांची असते. शेअर आणि म्युच्युअल फंडाबाबतही हेच खरे असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. ज्याची मालमत्ता दोन देशांत आहे त्याने भारतातल्या मालमत्तेसाठी इथे मृत्युपत्र करावे आणि परदेशातल्या मालमत्तेसाठी तिथल्या कायद्याप्रमाणे वेगळे.

अमेरिका, युरोप आणि नागरिकत्व

अमेरिकेत आयटीच्या नोकरीला गेलेल्यांची अडचण पगाराची नसते, अनिश्चिततेची असते. एच-१बी व्हिसा साधारणपणे सहा वर्षांचा. नोकरी गेली तर नवी शोधायला ६० दिवस, आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग अनेक वर्षांची. सोशल सिक्युरिटीचा हप्ता पगारातून कापला जातो. पण पेन्शनसाठी ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षा करार नसल्याने आठ वर्षांनी परतणाऱ्याचा तो पैसा तिथेच राहतो. ‘४०१(के)’ खात्यातली बचत मात्र स्वतःची असते. ती साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढली तर सहसा दहा टक्के दंड लागतो, म्हणून परतल्यावर लगेच मोडण्याची घाई करू नये. जर्मनी, नेदरलँड्स, जपान अशा देशांशी भारताचे करार आहेत. कंपनीने ठरावीक काळासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याने ईपीएफओचे प्रमाणपत्र नेले तर तिथला हप्ता त्याला भरावा लागत नाही.

परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. दुहेरी नागरिकत्व भारतात नाही. त्याऐवजी २००५ च्या दुरुस्तीने आलेले ओसीआय कार्ड आजन्म व्हिसाचे काम करते. ओसीआयधारकाला फ्लॅट घेता येतो, मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

उल्हासनगरात या प्रश्नाची उलट बाजूही पाहायला मिळते. पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबे इथे नातेवाइकांच्या आधाराने दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे उल्हासनगरच. व्हिसाची मुदत वेळेवर वाढवून घेणे आणि प्रत्येक नोंदणीची पोच जपून ठेवणे यावर त्यांचे नागरिकत्व अवलंबून असते. या व्हिसावर बँक खाते उघडण्याची, राहण्यापुरते घर घेण्याची आणि पॅन काढण्याची सवलत आहे. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली अर्ज करता येतो. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी लागू झाले. तिथेही भारतात कधी प्रवेश केला हे दाखवणारा कागद लागतोच.

संकट आणि परती

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तिथले दीनार एका रात्रीत कवडीमोल झाले. एक लाख सत्तर हजारांवर भारतीयांना परत आणावे लागले. अनेकांनी वर्षानुवर्षांची बचत कुवेतच्या बँकांत ठेवलेली होती. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडे दावे गेले आणि कुवेत सोडावे लागलेल्या व्यक्तींना ठरावीक रकमा मिळाल्या. त्याहून मोठ्या नुकसानीचे दावे लावायला मात्र पगाराचे, ठेवींचे, सामानाचे पुरावे लागले. २००८-०९ च्या मंदीत दुबईतली बांधकामे थांबली. मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेत कोविडमुळे नोकऱ्या गेलेले लोक परतले. दर दहा-पंधरा वर्षांनी असे काही घडतेच, म्हणून बचत दर महिन्याला भारतात पाठवत राहणे हा आखाती नोकरीतला पहिला नियम मानायला हवा. अडकलेल्यांना मदतीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे तक्रार संकेतस्थळ आहे, आणि दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. परतीचे तिकीट, तात्पुरता निवारा, मृतदेह मायदेशी पाठवणे यासाठी गरजूंना त्यातून मदत होते.

परतीची तयारी किमान तीन वर्षे आधी सुरू करावी, आणि त्यातली पहिली गोष्ट आरोग्य विमा. परदेशात कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो. पन्नाशीत परतलेल्या माणसाला मधुमेह किंवा रक्तदाब बऱ्याचदा असतो, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी भारतीय पॉलिसीत प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. परतण्याच्या तीन वर्षे आधीच पॉलिसी घेतली तर घरी येईपर्यंत तो काळ उलटलेला असतो.

निघताना ‘फायनल सेटलमेंट’च्या कागदावर सही करण्यापूर्वी ग्रॅच्युइटी, न घेतलेली रजा आणि परतीचे तिकीट यांचा हिशेब तपासावा. ‘सर्व रक्कम मिळाली’ अशा मजकुराखाली एकदा सही झाली की ती रक्कम नंतर मागणे फार अवघड जाते. अनुभवाचे पत्र, पगाराचे बँक विवरण आणि तिथे मिळवलेली वेल्डिंगची किंवा सुरक्षिततेची प्रमाणपत्रे बरोबर आणावीत, कारण अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत पुन्हा नोकरी मागताना तीच दाखवावी लागतात.

परतल्यावर बँकेला कळवून एनआरई आणि एनआरओ खाती निवासी करून घ्यायची असतात. परकीय चलनातला पैसा तसाच ठेवायचा असेल तर ‘आरएफसी’ खाते उघडता येते. बरीच वर्षे बाहेर काढलेल्या माणसाला साधारण पहिली दोन-तीन वर्षे ‘निवासी पण साधारणतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो, आणि त्या काळात परदेशातल्या ठेवींच्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. गेल्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असणे, किंवा गेल्या सात वर्षांत भारतात एकूण ७२९ दिवसांपेक्षा जास्त न राहणे, ही त्याची अट आहे. पासपोर्टवरचे शिक्के हाच या दिवसांचा पुरावा, म्हणून मुदत संपलेले जुने पासपोर्टही फेकू नयेत. आणि इथे पुन्हा नोकरी लागली तर पहिल्याच महिन्यात भविष्यनिर्वाह निधीचा जुना यूएएन क्रमांक आणि जपून ठेवलेले योजना प्रमाणपत्र नव्या कंपनीला द्यावे, म्हणजे परदेशी जाण्यापूर्वीची सात-आठ वर्षे पेन्शनच्या दहा वर्षांत मोजली जातात.